कारण आणि प्रमाण : उच्च प्राथमिक स्तरावरील वैज्ञानिक युक्तिवादाच्या अध्यापनाची चिकित्सा

प्रस्तावना

मराठी माध्यमाच्या शाळेत शिकलेल्या कोणत्याही व्यक्तीला 'शास्त्रीय कारणे लिहा' हा प्रश्नप्रकार परिचित असतो. 'दमट हवेत लोखंड लवकर गंजते', 'पाण्याने काठोकाठ भरलेली काचेची बाटली बर्फाच्या कप्प्यात ठेवू नये' अशी विधाने प्रश्नपत्रिकेत दिलेली असतात. विद्यार्थी तीन-चार क्रमांकित मुद्दे लिहितो आणि शेवटी 'म्हणून' या शब्दानंतर प्रश्नातील विधान जसेच्या तसे उतरवून काढतो. उत्तराचा आकार युक्तिवादाचा असतो. परंतु सिद्ध करावयाचे विधान प्रश्नकर्त्यानेच दिलेले असते, त्याची सत्यता गृहीत असते आणि मुद्दे मार्गदर्शिकेतून पाठ केलेले असतात. या संपूर्ण व्यवहारात विद्यार्थ्याला एक प्रश्न कधीच विचारला जात नाही : हे विधान खरे आहे, हे कशावरून?

'असे का घडते?' आणि 'असे घडते हे कशावरून?' हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर कारण होय, तर दुसऱ्याचे उत्तर प्रमाण होय. व्यवहारातील मराठीत 'कारण' हा शब्द दोन्ही अर्थांनी वापरला जातो आणि त्यामुळे शालेय विज्ञानात हा भेद सहज पुसला जातो. गेल्या अडीच दशकांत पाश्चात्त्य देशांतील विज्ञानशिक्षणात पुराव्याधिष्ठित युक्तिवादाला जे महत्त्व प्राप्त झाले, त्याचा गाभा हाच भेद आहे. सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांना युक्तिवाद शिकविण्यासाठी तेथे विकसित झालेल्या 'दावा-पुरावा-तर्क' या चौकटीची चिकित्सा करणे आणि तिचा येथील वर्गाच्या व परीक्षेच्या संदर्भात विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

'दावा-पुरावा-तर्क' चौकटीची जडणघडण

ब्रिटिश तत्त्वज्ञ स्टीफन टूलमिन यांनी १९५८ मध्ये 'द यूजेस ऑफ आर्ग्युमेंट' या ग्रंथात युक्तिवादाचे एक प्रारूप मांडले. आकारिक तर्कशास्त्रातील संविधान प्रत्यक्ष व्यवहारातील युक्तिवादाला अपुरे पडते, ही त्यांची मूळ भूमिका होती. दावा, त्याला आधारभूत असलेली माहिती आणि त्या माहितीवरून दाव्याकडे जाण्याचा अधिकार देणारे समर्थक तत्त्व, हे त्यांच्या प्रारूपाचे प्रमुख घटक होत. न्यायालयातील वादाचे उदाहरण समोर ठेवून रचलेले हे प्रारूप पुढे विज्ञानशिक्षणाच्या अभ्यासकांनी स्वीकारले. पॉल न्यूटन, रोझलिंड ड्रायव्हर आणि जोनाथन ऑस्बोर्न यांनी इंग्लंडमधील विज्ञानाच्या तासिकांचे निरीक्षण करून १९९९ मध्ये असे दाखविले, की विद्यार्थ्यांना परस्परांशी चर्चा करून मत सिद्ध करण्याची संधी वर्गात अत्यल्प मिळते. बोलण्याचे काम प्रामुख्याने शिक्षक करतात आणि विद्यार्थी अपेक्षित उत्तर पुरवितात.

अमेरिकेत कॅथरीन मॅकनील व जोसेफ क्रेचिक यांनी टूलमिन यांचे प्रारूप माध्यमिकपूर्व वयोगटासाठी सुलभ केले. विद्यार्थ्याने प्रथम प्रश्नाला उत्तर देणारा दावा करावा, मग त्याच्या पुष्ट्यर्थ निरीक्षणे वा मोजमापे द्यावीत आणि शेवटी ती निरीक्षणे त्या दाव्याला का पुष्टी देतात, हे वैज्ञानिक तत्त्वाच्या आधारे सांगावे, अशी ही त्रिपदी आहे. २०१२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने प्रसिद्ध केलेल्या विज्ञानशिक्षणाच्या आराखड्यात आणि त्यावर आधारित २०१३ च्या मानकांत 'पुराव्याच्या आधारे युक्तिवाद करणे' ही विज्ञानाच्या आठ प्रक्रियांपैकी एक मानण्यात आली. त्यानंतर ही त्रिपदी तेथील वर्गांत सर्रास वापरली जाऊ लागली.

भारतीय वाचकाला या प्रसंगी न्यायदर्शनातील पंचावयवी वाक्याचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन हे पाच अवयव दुसऱ्याला पटवून देण्यासाठी, म्हणजे परार्थानुमानासाठी सांगितलेले आहेत. डोंगरावर अग्नी आहे, ही प्रतिज्ञा. तेथे धूर दिसतो, हा हेतू. आणि जेथे धूर तेथे अग्नी, ही व्याप्ती स्वयंपाकघराच्या उदाहरणाने दाखविली जाते. त्याचबरोबर जेथे अग्नी नाही तेथे धूरही नाही, हे जलाशयाच्या व्यतिरेकी उदाहरणाने तपासले जाते. टूलमिन यांचे समर्थक तत्त्व आणि न्यायशास्त्रातील व्याप्ती एकच आहेत, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. तथापि निरीक्षण आणि निष्कर्ष यांच्यामधला सांधा उघडपणे सांगितला पाहिजे, ही मागणी दोहोंमध्ये समान आहे. 'शास्त्रीय कारणे'च्या उत्तरात निगमनाचा 'म्हणून' तेवढा शिल्लक राहतो. व्याप्ती तपासण्याचे काम मात्र गळून पडते.

एका परिचित प्रयोगाची तपासणी

चौकटीचे सामर्थ्य आणि मर्यादा दोन्ही एका परिचित प्रयोगातून स्पष्ट होतात. थाळीत मेणबत्ती उभी करून पाणी ओतावे, मेणबत्ती पेटवावी आणि तिच्यावर काचेचा ग्लास उपडा ठेवावा. काही वेळाने मेणबत्ती विझते आणि ग्लासात पाणी चढते. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात बायझँटियमच्या फिलोने वर्णन केलेला हा प्रयोग आजही असंख्य वर्गांत केला जातो. त्याचे प्रचलित स्पष्टीकरण असे : ज्वलनात ऑक्सिजन संपला, त्याची रिकामी जागा पाण्याने घेतली आणि पाणी सुमारे एक पंचमांश चढले, यावरून हवेत एक पंचमांश ऑक्सिजन असतो हे सिद्ध होते.

वरवर पाहता त्रिपदीचे तिन्ही रकाने येथे भरलेले आहेत. दावा आहे, निरीक्षण आहे आणि दोहोंना जोडणारे तत्त्वही आहे. तरीही हा युक्तिवाद सदोष आहे आणि त्याचा दोष सातवीतील विद्यार्थ्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येतो. त्यासाठी त्याच्यासमोर दुसरा दावा ठेवावा लागतो : ज्योतीमुळे ग्लासातील हवा तापून प्रसरण पावते, तिचा काही भाग बाहेर निसटतो आणि मेणबत्ती विझल्यावर उरलेली हवा थंड होऊन आकुंचन पावते, म्हणून पाणी आत शिरते.

दोन दावे समोर येताच निरीक्षणांना वेगळे मोल प्राप्त होते. ऑक्सिजन खर्च झाल्यामुळेच पाणी चढत असेल, तर मेणबत्ती जळत असताना ते सावकाश चढत गेले पाहिजे. प्रत्यक्षात ते मुख्यतः ज्योत मंदावताना आणि विझल्यानंतर झपाट्याने चढते. पहिला दावा खरा असेल, तर एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावल्याने पाण्याच्या उंचीत फारसा फरक पडू नये, कारण ग्लासातील ऑक्सिजन तेवढाच आहे. प्रत्यक्षात तीन मेणबत्त्या लावल्यास पाणी अधिक चढते. ग्लास ठेवताना त्याच्या कडेतून अनेकदा बुडबुडे निघताना दिसतात. पहिल्या दाव्यात त्यांना स्थानच नाही. शिवाय रिकामा ग्लास गरम पाण्याने विसळून लगेच थाळीत उपडा घातला, तर ज्वलन मुळीच नसतानाही पाणी थोडे वर चढते. हे जलाशयाच्या व्यतिरेकी उदाहरणासारखे आहे : ज्याला कारण मानले ते अनुपस्थित असताना कार्य दिसते की नाही, याची ती तपासणी आहे.

याचा अर्थ पहिला दावा सर्वस्वी खोटा आहे, असा होत नाही. ऑक्सिजन खर्च होतो. परंतु हवेतील ऑक्सिजनचे प्रमाण सुमारे २१ टक्क्यांवरून साधारण १६ टक्क्यांच्या आसपास उतरले की मेणबत्ती विझते. म्हणजे बहुतांश ऑक्सिजन शिल्लकच असतो. मेणाच्या ज्वलनात खर्च झालेल्या ऑक्सिजनच्या सुमारे दोन तृतीयांश आकारमानाचा कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि तो पाण्यात सावकाश विरघळतो. हा हिशेब मांडला तर ऑक्सिजन खर्च झाल्याने होणारी घट दोन टक्क्यांहूनही कमी भरते. एक पंचमांशाशी जुळणारी उंची हा केवळ योगायोग ठरतो. हवेतील ऑक्सिजनचे प्रमाण खरोखर दाखवायचे असेल, तर परीक्षानळीच्या तळाशी ओला लोखंडी कीस दाबून बसवावा आणि ती पाण्यात उपडी ठेवावी. काही दिवसांत लोखंड गंजते, पाणी सुमारे एक पंचमांश उंचीपर्यंत चढते आणि तेथे थांबते. येथे उष्णतेचा प्रश्नच उद्भवत नाही.

या उदाहरणातून निघणारा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. प्रयोगातील निरीक्षण हे स्वभावतः पुरावा नसते. दोन किंवा अधिक शक्य दाव्यांमध्ये निवड करण्यासाठी त्याचा उपयोग होतो, तेव्हाच ते पुरावा बनते. एकच दावा समोर ठेवून केलेला प्रयोग प्रात्यक्षिक असतो. त्यातून विद्यार्थी निरीक्षण शिकेल, हातकौशल्य शिकेल, परंतु प्रमाण शिकणार नाही.

चौकटीच्या मर्यादा

या दृष्टीने पाहता 'दावा-पुरावा-तर्क' त्रिपदीची पहिली मर्यादा स्पष्ट होते. ती युक्तिवादाचे अवयव सांगते, पण युक्तिवादाचे प्रयोजन सांगत नाही. तीन रकान्यांचा छापील तक्ता हाती दिल्यावर विद्यार्थी तो रिकाम्या जागा भरल्यासारखा भरू लागतो. उत्तर सर्वांना आधीच ठाऊक असेल, तर कोणाला आणि कशासाठी पटवून द्यायचे, हा प्रश्न अनुत्तरित राहतो. लीमा बर्लंड आणि ब्रायन रायझर यांनी २००९ मध्ये या प्रक्रियेची अर्थ लावणे, तो मांडणे आणि इतरांना पटवून देणे अशी तीन उद्दिष्टे वेगळी केली. पहिली दोन विद्यार्थ्यांना तुलनेने साधतात, तिसरे मात्र सातत्याने साधत नाही, असे त्यांच्या अभ्यासात आढळले. समोर वेगळे मत असलेली व्यक्तीच नसेल, तर पटवून देण्याची गरज निर्माण होत नाही, हे त्याचे एक सयुक्तिक स्पष्टीकरण आहे.

दुसरी मर्यादा चौकटीच्या निर्मात्यांनीच दाखवून दिली आहे. मॅकनील, क्रेचिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सातवीच्या काही विद्यार्थ्यांना रसायनशास्त्राच्या घटकात शेवटपर्यंत लेखी आधार दिला, तर काहींचा आधार क्रमाक्रमाने कमी केला. आधार काढून घेतल्यावर झालेल्या चाचणीत दुसऱ्या गटाची तर्कमांडणी अधिक सकस ठरली. आधाराची गरज सुरुवातीला असते, पण तो कायम राहिला तर विद्यार्थी त्याच्याशिवाय उभा राहत नाही. हा निष्कर्ष विसरून तीन रकान्यांचा तक्ता वर्षभर फळ्यावर टांगून ठेवणे म्हणजे नव्या नावाने 'शास्त्रीय कारणे' शिकविणे होय.

तिसरी मर्यादा भाषेची आणि संस्कृतीची आहे. मराठी घरात आणि शाळेत 'वाद घालू नकोस' हे वाक्य मुलाला शिस्त लावण्यासाठी उच्चारले जाते. न्यायपरंपरेत मात्र तत्त्वनिर्णयासाठी चालणारा तो वाद, केवळ जिंकण्यासाठी चालणारा तो जल्प आणि स्वतःचा पक्ष न मांडता दुसऱ्याचा खोडण्यापुरती चालणारी ती वितंडा, असा स्पष्ट भेद केलेला आहे. व्यवहारात वितंडवादाची बदनामी वादाच्याही वाट्याला आली. त्यामुळे बारा वर्षांचा विद्यार्थी वर्गात मतभेद व्यक्त करतो, तेव्हा तो उद्धटपणा ठरण्याची भीती त्याला वाटते. वर्गातील वक्तृत्व व वादविवाद स्पर्धाही बहुधा जल्पाचेच शिक्षण देतात. तेथे बाजू चिठ्ठीने ठरते आणि मत बदलणे हा पराभव मानला जातो. विज्ञानाच्या तासिकेत नेमके उलट हवे असते. पुरावा पाहून मत बदलणारा विद्यार्थी तेथे यशस्वी मानला गेला पाहिजे.

होशंगाबादचा अनुभव

भारतात या दिशेने झालेला सर्वांत दीर्घ प्रयत्न मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाचा होता. किशोर भारती आणि रसुलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी १९७२ मध्ये १६ माध्यमिक शाळांत त्याचा आरंभ केला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील तसेच दिल्ली विद्यापीठातील वैज्ञानिकांचे साहाय्य त्याला लाभले. १९७८ मध्ये तो संपूर्ण जिल्ह्यात नेण्यात आला आणि १९८२ मध्ये स्थापन झालेल्या एकलव्य संस्थेने पुढे त्याची जबाबदारी उचलली. सहावी ते आठवीसाठी तयार केलेल्या 'बाल वैज्ञानिक' या पुस्तकांत प्रयोगाच्या कृती व प्रश्न होते, तयार उत्तरे नव्हती. विद्यार्थी टोळ्यांत प्रयोग करीत, निरीक्षणांवर वर्गात चर्चा होई आणि परीक्षेला पुस्तक व वही सोबत नेण्याची मुभा होती. शिक्षकांच्या मासिक बैठका हा या रचनेचा कणा होता.

या कार्यक्रमाने दाखवून दिलेली गोष्ट अशी, की साध्या ग्रामीण शासकीय शाळेतही पुराव्याधारे शिकणे शक्य आहे. मात्र पुस्तक, साहित्य, प्रशिक्षण आणि परीक्षा या चारही गोष्टी एकाच वेळी बदलाव्या लागतात. राज्य शासनाने २००२ मध्ये कार्यक्रम बंद केला. तीन दशके टिकलेली रचना प्रशासकीय निर्णयाने संपू शकते, हे त्या अनुभवाचे दुसरे अंग आहे.

तरीही केवळ प्रयोगावर भिस्त ठेवणाऱ्या कोणत्याही पद्धतीला एक प्रश्न विचारणे आवश्यक आहे. प्रयोग केला की निष्कर्ष आपोआप निघतो, ही धारणा मेणबत्तीच्या उदाहरणाने खोटी ठरते. उष्णतेने हवा प्रसरण पावते, हे ज्ञान नसलेला विद्यार्थी दुसरा दावा स्वतःहून मांडू शकणार नाही. पर्यायी दाव्यांसाठी पूर्वज्ञान लागते आणि ते पुरविणे हे शिक्षकाचे काम आहे. म्हणून प्रत्यक्ष अध्यापन आणि युक्तिवाद हे परस्परविरोधी नव्हेत. विरोध आहे तो निष्कर्ष आधी सांगून प्रयोग नंतर करण्याच्या प्रथेशी.

पाठ्यपुस्तक, परीक्षा आणि अध्यापक शिक्षण

महाराष्ट्रात बालभारतीच्या 'सामान्य विज्ञान' पुस्तकांत 'करून पहा', 'जरा डोके चालवा' अशा चौकटी आल्या, ही स्वागतार्ह बाब आहे. मात्र कृतीला लागूनच तिचे स्पष्टीकरण छापलेले असले, की विद्यार्थ्याची नजर कृतीवरून थेट स्पष्टीकरणाकडे जाते. अध्यापक विद्यालयांत शिकविल्या जाणाऱ्या पाठ टाचणातही हीच अडचण आहे. हेतुकथनाच्या टप्प्यावर छात्राध्यापक पाठाचा विषय जाहीर करतो आणि अनेकदा त्यासोबत निष्कर्षही जाहीर होतो. 'आज आपण हवेत ऑक्सिजन असतो हे सिद्ध करणार आहोत' या वाक्यानंतर प्रयोगात शोधण्यासारखे काही उरत नाही. त्याऐवजी 'ग्लासात पाणी का चढते, याविषयीच्या दोन मतांपैकी कोणते टिकते ते पाहू' असे हेतुकथन केले, तर पाठाची दिशाच बदलते.

या विचारावर दोन आक्षेप संभवतात. पहिला वेळेचा आणि वर्गसंख्येचा. साठ विद्यार्थ्यांच्या वर्गात पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासिकेत अशी चर्चा कशी शक्य आहे? हा आक्षेप रास्त आहे आणि प्रत्येक घटकासाठी युक्तिवादाचा आग्रह धरणे अव्यवहार्य ठरेल. परंतु एका सत्रात दोन घटक निवडून प्रत्येकी तीन तासिका देणे अशक्य नाही. दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे : मुलांना मतभेदाची मुभा दिली, तर ती चुकीच्या कल्पना पक्क्या करून घेतील. यावर उत्तर असे, की चुकीच्या कल्पना मुभा न दिल्यानेही नाहीशा होत नाहीत. त्या केवळ उत्तरपत्रिकेत दिसेनाशा होतात. मेणबत्तीचे सदोष स्पष्टीकरण पिढ्यान्‌पिढ्या टिकले, ते वर्गात अतिचर्चा झाल्यामुळे नव्हे.

अखेरीस प्रश्न परीक्षेपाशी येऊन थांबतो, कारण शिक्षक तेच शिकवितो ज्याला गुण असतात. 'शास्त्रीय कारणे लिहा' हा प्रश्न काढून टाकण्याची आवश्यकता नाही. त्याच्या शेजारी 'कशावरून?' हा प्रश्न हवा. उदाहरणार्थ, एक, दोन व तीन मेणबत्त्या लावल्यावर चढलेल्या पाण्याच्या उंचीचा तक्ता द्यावा, वरील दोन दावे द्यावेत आणि तीन गोष्टी विचाराव्यात : कोणता दावा अधिक टिकतो, तक्त्यातील कोणत्या नोंदीवरून आणि ती नोंद दुसऱ्या दाव्याशी का जुळत नाही. पाच गुणांपैकी दाव्याला एक आणि उरलेल्या दोन भागांना प्रत्येकी दोन गुण दिले, तर पाठांतराचे मोल आपोआप घटते. पहिल्या दाव्याचे समर्थन करतानाही 'तीन मेणबत्त्यांची नोंद याच्याशी जुळत नाही' असे प्रामाणिकपणे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला, बरोबर दावा लिहून काहीच न सांगणाऱ्यापेक्षा अधिक गुण मिळतील. हे परीक्षकाला प्रथमदर्शनी खटकेल, परंतु प्रमाणाचे शिक्षण याहून वेगळे असू शकत नाही.

समारोप

१९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरविले. हे कर्तव्य कारणे पाठ करून पार पडत नाही. कोणतेही विधान, मग ते पुस्तकातील असो, वर्तमानपत्रातील असो वा शिक्षकाच्या तोंडचे असो, ते कशावरून खरे मानायचे, हे विचारण्याची सवय लागल्याशिवाय तो दृष्टिकोन रुजत नाही. 'दावा-पुरावा-तर्क' ही चौकट त्यासाठी उपयुक्त साधन आहे. परंतु दुसरा दावा, मतभेदाची मोकळीक आणि त्याला न्याय देणारी परीक्षा यांच्याअभावी ती आणखी एक पाठ करण्याची पद्धत ठरेल. या तिन्ही गोष्टी शाळेच्या आधी अध्यापक घडविणाऱ्या महाविद्यालयांत याव्या लागतील. ज्या छात्राध्यापकाने स्वतः कधी मेणबत्तीच्या प्रयोगातील एक पंचमांशावर शंका घेतली नाही, त्याच्या वर्गात ती शंका घेणाऱ्या विद्यार्थ्याला 'वाद घालू नकोस' एवढेच उत्तर मिळण्याचा संभव अधिक आहे.